घारे आणि गहरे : इंदूरमधल्या एका रेखाचित्राची हकीकत

(प्रकरण खरं आहे. माणसांची नावं, थाना आणि मोहल्ला गाळला आहे. वर्गात जी टोपणनावं पडली होती तीच ठेवली आहेत.)

पार्श्वभूमी

इंदूरमध्ये चित्रकलेचा विषय निघाला की गाडी देवळालीकर मास्तरांपाशी थांबल्याशिवाय पुढे जात नाही. दत्तात्रय दामोदर देवळालीकरांनी १९२७ साली इथे कलाशाळा सुरू केली. चित्रकार ना. श्री. बेंद्रे तिथले, एम. एफ. हुसेनही तिथले. त्या शाळेचं पुढे सरकारी महाविद्यालय झालं आणि मी तिथेच शिकले. नंतर तीस वर्षं व्यक्तिचित्रं काढली, मुलांचे वर्ग घेतले. पोलिसांशी संबंध एवढाच की एका अधिकाऱ्यांची मुलगी माझ्याकडे शिकायला यायची.

त्या अधिकाऱ्यांनीच एकदा विचारलं, आमच्या काही पोरापोरींचा हात चांगला आहे, संशयिताचं रेखाचित्र काढायला शिकवाल का? कॉम्प्युटरवर चेहरा जुळवायची सोय त्यांच्याकडे होती. पण फरियादी समोर बसला की त्याला पन्नास नाकं दाखवायची आणि ‘यातलं कुठलं?’ विचारायचं, असं ते काम चाले. विसाव्या नाकापर्यंत माणसाला स्वतःचं नाकही आठवेनासं होतं. निघणारे चेहरे सगळे एकाच आईची लेकरं वाटत.

बारा दिवसांचा वर्ग ठरला. नऊ शिकाऊ आले : सहा आरक्षक (कॉन्स्टेबल), दोन प्रधान आरक्षक (हेड कॉन्स्टेबल), एक महिला उपनिरीक्षक. निवडीचा निकष एकच होता, ‘ड्रॉइंग चांगलं आहे’. तो निकष चुकीचा आहे हे मला तेव्हा कळायला हवं होतं. नाही कळलं.

नवांपैकी दोघांशी या हकीकतीचा संबंध आहे. एक प्रधान आरक्षक, माळव्यातल्या खेड्यातला, हिंदी बोलणारा. थान्यातल्या देवळात त्याने काढलेला हनुमान बघायला लोक येत. त्याचं नाव पडलं ‘कॅलेंडर’, आणि त्याला त्याचा अभिमानही होता. दुसरी आरक्षक, जेलरोडच्या बाजूला वाढलेली मराठी मुलगी. दिवाळीत दहा फुटांची रांगोळी काढायची, पण कागदावर तिची रेघ बिचकत असे. ती ‘रांगोळी’.

वर्गात काय चाललं होतं

पहिले तीन दिवस मोजमाप. डोळे डोक्याच्या उंचीच्या बरोबर मध्यावर येतात, हे ऐकून दरवेळी कुणीतरी हसतंच, कारण सगळेजण ते वर चढवून काढतात आणि कपाळ चोरतात. दोन डोळ्यांत एका डोळ्याचं अंतर. कान भुवईपासून नाकाच्या बुडापर्यंत. हे सरासरीचं माप एकदा हातात बसलं, की समोरचा माणूस त्या मापापासून कुठे हटतो एवढंच बघायचं. ओळख त्या हटण्यातच असते.

चौथ्या दिवशी मी मार्गारेट थॅचरबाईंचा फोटो दाखवला. इंग्लंडमधल्या यॉर्क विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ पीटर थॉम्पसन यांनी १९८० साली केलेली ही गंमत आहे. चेहऱ्यातले डोळे आणि तोंड तेवढे कापून उलटे चिकटवायचे आणि मग सगळा फोटोच उलटा धरायचा. काही वावगं वाटत नाही. फोटो सरळ केला की बघणारा दचकतो. नऊच्या नऊ जण दचकले. आपण चेहरा किराणा यादीसारखा, नाक एक, कान दोन, असा ध्यानात ठेवत नाही. तो अख्खाच्या अख्खा बसतो आणि अख्खाच आठवतो. नाकांची यादी दाखवून काम का फसतं, ते त्या दिवशी त्यांना पटलं.

मग विचारणं. ऐंशीच्या दशकात अमेरिकेत फिशर आणि गायझलमन या मानसशास्त्रज्ञांनी साक्षीदाराशी बोलायची एक रीत बसवली. तिचा गाभा साधा आहे. साक्षीदाराला मनाने त्या जागी, त्या वेळी परत न्यायचं, उजेड कसा होता, वास कसला होता, हातात काय होतं ते आठवू द्यायचं. जे आठवेल ते सगळं बोलू द्यायचं, मध्ये तोंड घालायचं नाही. आणि ‘मिशी होती का?’ असलं काही विचारायचं नाही. ‘ओठांच्या वरच्या भागाबद्दल काही आठवतं का?’ इतकंच.

पोलिसांना गप्प बसायला शिकवणं हे मोजमाप शिकवण्यापेक्षा अवघड आहे, हे मी प्रेमाने लिहिते आहे. थान्यात प्रश्नाला उत्तर मिळालंच पाहिजे असं वातावरण असतं. ‘आठवत नाही’ हे तिथे उत्तर धरत नाहीत.

घटना

वर्गाचा सहावा दिवस. संक्रांत चार दिवसांवर होती. शहराच्या पश्चिमेकडच्या एका मराठी आजी दुपारी ओट्यावर मटार सोलत बसल्या होत्या. वय चौऱ्याहत्तर. घरात दुसरं कुणी नव्हतं. एक तरुण आला, पाणी मागितलं, ओट्याच्या कडेला टेकला. भांडी चमकवायच्या पावडरीची जाहिरात करतो म्हणाला. आधी देव्हाऱ्यातली समई चमकवून दिली, मग चांदीचं निरांजन, मग आजींच्या हातातल्या पाटल्या. त्या त्याने आपल्याजवळच्या पातेलीतल्या पाण्यात बुडवल्या, हळद घातली, फडक्यात गुंडाळून आजींच्या स्टीलच्या डब्यात ठेवल्या आणि ‘अर्धा तास झाकण उघडू नका’ सांगून निघून गेला. एकूण वीस-पंचवीस मिनिटं.

अर्ध्या तासाने पाटल्या डब्यातच होत्या. पिवळ्याधमक होत्या. आजींना बरं वाटलं. संध्याकाळी मुलाने हातात घेतल्या तर त्या बोटांना हलक्या लागल्या. सराफ्यात तोलल्या तेव्हा साडेतीन तोळ्यांच्या तीनही भरल्या नाहीत. पातेलीत आम्लराज होतं, नायट्रिक आणि हायड्रोक्लोरिक आम्लाचं मिश्रण. त्यात सोनं विरघळतं. विरघळलेलं सोनं पातेलीबरोबर गेलं, ते नंतर कुठल्याही भट्टीत परत मिळवता येतं. पातेलीच्या बुडाचा गोल डाग ओट्याच्या शहाबादी फरशीवर मी स्वतः पाहिला. रंग उडून तिथली फरशी खरखरीत झाली होती.

गल्लीत कॅमेरा नव्हता. तोंडावर लहान मुलं गिल्लीदांडू खेळत होती. टीआय साहेबांना, म्हणजे थान्याच्या प्रमुख निरीक्षकांना, कळलं होतं की चित्रकलेचा वर्ग चालू आहे. त्यांनी निरोप धाडला.

पहिला निर्णय : केस घ्यायची का

चेन ओढून पळालेल्या हेल्मेटवाल्याची केस असती तर मी नाही म्हटलं असतं. दोन सेकंद दिसलेल्या माणसाचं चित्र म्हणजे चित्रकाराने केलेली कविता. पण इथे साक्षीदार दिवसाउजेडी, दोन हातांवरून, वीस मिनिटं माणसाशी बोलली होती. मनाने शांत होती. चित्रासाठी याहून चांगली केस वर्षात एखादीच येते.

अडचण आमची होती. वर्ग अर्ध्यावर होता. विचारण्याचा सराव जेमतेम दोन दिवसांचा झाला होता, तोही एकमेकांवर. मी टीआय साहेबांना ‘पाच दिवस थांबा’ म्हणू शकले असते, पण आठवण पाच दिवसांत पुसट होते हेही खरं. मी स्वतः बसून चित्र काढणं हा तिसरा मार्ग होता. मनात आलं, आपण केलं तर ही मुलं कधी शिकणार. आणि खरं सांगायचं तर, आपल्या वर्गातून सहाव्या दिवशीच एक गुन्हेगार पकडला गेला असं ऐकायला मला आवडलं असतं. हो म्हटलं.

पहिलं चित्र

कोण काढणार? ज्याचा हात सगळ्यांत चांगला तो, म्हणजे कॅलेंडर. टीआय साहेबांचा आग्रह तोच, माझाही तोच. रांगोळीला त्याच्या शेजारी नोंदी घ्यायला बसवलं. माझं काम मागे बसून बघण्याचं.

आजी घरात मराठी बोलतात आणि बाहेर आपली इंदुरी खिचडी, अर्धं वाक्य मराठी, अर्धं हिंदी. कॅलेंडरला वाटलं त्याला सगळं समजतं आहे. मलाही तसंच वाटलं. आजींनी आधी तिळाचे लाडू पुढे केले आणि मग बोलायला लागल्या. मुलगा तिशीच्या आतला. अंगाने काटक. तोंड उभट. रंग गव्हाळ. थंडीमुळे डोक्याला मफलर, कानांवरून गुंडाळलेला. नाक ‘बेताचं’. आणि मग म्हणाल्या, ‘डोळे एकदम घारे हो त्याचे.’

कॅलेंडरच्या पेन्सिलने लगेच खोबणी खणायला घेतली. दीड तासात चित्र झालं. सुरेख चित्र होतं. भुवईखाली आत गेलेले खोल डोळे, गालावर फोर-बी पेन्सिलची मखमली छाया, खाली कडक जबडा. मफलर नव्हता. मी विचारलं तेव्हा तो म्हणाला, ‘मॅडम, पूरा चेहरा दिखना चाहिए ना, इसलिए हटा दिया.’ मफलर हटवला म्हणजे खाली कान आले. कान थोडे बाहेर आलेले, वरच्या टोकाला दुमडलेले. ते कान त्याला कुणीही सांगितले नव्हते.

आजींना चित्र दाखवलं. त्यांनी चष्मा पुसला, लांब धरलं, जवळ धरलं आणि म्हणाल्या, ‘किती छान काढलंय रे बाळा. असाच होता, असाच.’

‘छान काढलंय’ आणि ‘हाच तो’ यांत जमीन-अस्मानाचं अंतर आहे, आणि ते मला त्या खोलीत बसून ऐकू आलं नाही. आपल्या घरी आलेल्या पोराने दीड तास मान मोडून काम केलं, त्याला ‘नाही जमलं’ म्हणायचं, हे त्या पिढीच्या बाईच्या जिभेवर येणारच नाही. लाडवांचा डबा परत उघडला गेला तेव्हाच मी ओळखायला हवं होतं.

चहाच्या वेळी रांगोळी माझ्याजवळ आली आणि वही पुढे केली. तिच्या अक्षरात लिहिलं होतं : घारे. खाली दोन रेघा.

‘मॅम, आजी घारे म्हणाल्या. सरांनी गहरे ऐकलं.’

घारे म्हणजे मांजरासारखे, फिक्या बुबुळाचे. हिंदीत त्याला कंजी म्हणतात. गहरे म्हणजे खोल. दोन भाषांच्या सांध्यात एक शब्द निसटला आणि चेहऱ्याला दोन खोबणी पडल्या. मी विचारलं, तेव्हाच का बोलली नाहीस? तिने कॅलेंडरच्या वर्दीवरच्या फितींकडे बघितलं. उत्तर मिळालं.

मी आत गेले तोवर उशीर झाला होता. चित्राचा मोबाइलवर फोटो निघाला होता आणि तो थान्याच्या ग्रुपवर पडला होता. कुणी टाकला हे मला आजही कळलेलं नाही आणि त्याने काही फरकही पडत नाही. मोबाइल बाहेर ठेवायचे, हा नियम मी केलेला नव्हता.

त्याच रात्री शेजारच्या हद्दीत एका भंगारवाल्याला उचललं. खोल डोळे आणि बाहेर आलेले कान. चार तास बसवून ठेवलं, मग सोडलं, कारण त्या दुपारी तो मालासकट दुसऱ्या टोकाच्या गोदामात असल्याचं वजनकाट्याच्या पावतीवर होतं. कुणी हात लावला नाही म्हणतात. मी तिथे नव्हते.

समोर असलेले मार्ग

दुसऱ्या दिवशी टीआय साहेब, मी आणि वर्गातली उपनिरीक्षक बसलो.

साहेबांना वाटत होतं चित्रात ‘जरा सुधार’ करावा, डोळे बदलून पुन्हा पाठवावं. मी नको म्हटलं. जबडा, भुवया, गालाची छाया हे सगळं त्या खोल डोळ्यांना शोभेल असं बेतलेलं होतं. चेहरा अख्खा बसतो, तसा तो काढणाऱ्याच्या हातातूनही अख्खाच उतरतो. डोळे बदलून तिसराच कुणीतरी तयार झाला असता.

आजींना पुन्हा बसवून, दुसऱ्या हाताने, कोऱ्या कागदावर? मला हा मार्ग सगळ्यांत बरा वाटला, आणि मीच तो बंद केला. बैठकीच्या आधी सकाळी मी आजींकडे गेले होते आणि दारातच विचारलं होतं, ‘आजी, डोळे घारे होते ना?’ इतके दिवस नवांना जे करू नका म्हणून ओरडत होते तेच. आजी म्हणाल्या, ‘तुम्ही म्हणताय तसंच.’ त्यानंतर त्यांच्या आठवणीत त्यांचं काय, कॅलेंडरचं काय आणि माझं काय, हे वेगळं करायची सोय राहिली नाही.

मी तेव्हा वाचून होते की २००५ साली अमेरिकेत मानसशास्त्रज्ञ गॅरी वेल्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याची तपासणी केली होती. ज्यांच्याकडून चेहरा जुळवून घेतला ते साक्षीदार नंतर रांगेतून खरा माणूस ओळखण्यात मागे पडले. पुढच्या सगळ्या अभ्यासांत तेच निघालं असं नाही. पण चुकीचं चित्र डोळ्यांसमोर दीड तास घडताना पाहिलेल्या बाईबद्दल मला शंका उरली नव्हती.

चित्र सोडूनच द्यावं, हाही एक मार्ग होता. उपनिरीक्षक त्याच मताची होती. ती म्हणाली, ‘चुकलेलं चित्र नसलेल्या चित्रापेक्षा वाईट.’ तिने रैनपाड्याचं नाव काढलं. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यातल्या त्या गावात मुलं पळवणारे समजून पाच जणांना जमावाने ठेचून मारलं. तिथे तर चित्रही नव्हतं, नुसते मोबाइलवर फिरणारे मेसेज होते. बैठकीत थोडा वेळ कुणी बोललं नाही.

मी अमेरिकेतल्या ओक्लाहोमाची आठवण दिली, जिथे भाड्याच्या ट्रकमध्ये बॉम्ब ठेवून सरकारी इमारत उडवली होती. १९९५ च्या स्फोटानंतर ट्रक भाड्याने देणाऱ्या दुकानातल्या लोकांच्या आठवणीवरून दोन चित्रं काढली गेली. पहिलं स्फोट घडवणाऱ्या टिमथी मॅकव्हेचं होतं, बरंच जवळचं. दुसऱ्यासाठी सगळा देश धुंडाळला आणि निघाला एक सैनिक, जो दुसऱ्या दिवशी त्याच दुकानात वेगळ्याच कामाला आला होता. चित्र चांगलं होतं, माणूसही खरा होता, फक्त दिवस चुकला होता. म्हणजे चित्रकाराने सगळं बरोबर केलं तरी एवढं होतं. आमच्याकडे तर केलंही चुकीचं होतं.

शेवटी ठरलं : पहिलं चित्र परत घ्यायचं, ग्रुपवर तसं स्पष्ट लिहायचं, आणि ज्याने ते पाहिलेलं नाही असा दुसरा साक्षीदार शोधायचा.

काय केलं

गिल्लीदांडू खेळणाऱ्या मुलांत बारा वर्षांची एक मुलगी होती. गिल्ली आजींच्या ओट्याखाली गेली तेव्हा ती घ्यायला वाकली होती, आणि तो माणूस पाणी पिण्यासाठी मफलर खाली करून बसला होता. तिला स्वतःचा मोबाइल नव्हता. घरच्यांच्या फोनवर चित्र आलं होतं का हे आधी विचारून घेतलं. नव्हतं आलं. हे सगळं, कोणी कधी काय पाहिलं याच्यासकट, रांगोळीने वहीत तारीख-वेळ घालून उतरवलं.

यावेळी काढणारी रांगोळी. वर्गात थोडी कुरबूर झाली, कॅलेंडर दिवसभर बोलला नाही. मोबाइल बाहेर एका टोपलीत. मुलीची आई खोलीत, पण मुलीच्या मागे, नजरेआड. बसायची जागा थाना नाही, शेजाऱ्यांचा ओटा, दुपारची तीच वेळ.

रांगोळीने चाळीस मिनिटं पेन्सिल उचलली नाही. गिल्ली कोणाची होती, डाव कोणाचा होता, ओट्याखाली वाकलीस तेव्हा गुडघ्याला काय लागलं, असं बोलणं चाललं. मुलगी म्हणाली, मटाराची सालं. मग डोळे मिटून म्हणाली, ‘काका पाणी वरून पीत होते, घटाघट. दात दिसला. एक दात दुसऱ्यावर चढलेला.’ थोड्या वेळाने, कुणी न विचारता, ‘आणि डोळे मांजरासारखे होते.’

रांगोळीने माझ्याकडे पाहिलंही नाही. मला तिचा फार अभिमान वाटला.

चित्र काढताना आम्ही वर्गात न शिकवलेली एक गोष्ट केली, कारण ती त्या रात्री सुचली होती. मुलीला जे नक्की आठवत होतं ते ठसठशीत रेघेत. जे ‘बहुतेक’ होतं ते टू-एच पेन्सिलने, पुसट. जे तिने पाहिलंच नव्हतं ते कोरं. कान मफलरमध्येच ठेवले. हनुवटीची एक बाजू पुसट राहिली. बुबुळं फिकी सोडून कडा तेवढी गडद केली आणि खाली शब्दांत लिहिलं : घारे, हिंदीत कंजी, साक्षीदाराचे शब्द ‘मांजरासारखे’.

पेन्सिलला कोरा कागद सोसवत नाही. इंदूरचे चित्रकार विष्णू चिंचाळकर गुरुजी टाकाऊ वस्तूंत, झाडाच्या काटक्यांत आकार शोधायचे, आणि आम्ही इंदूरची चित्रकार मंडळी त्याच संस्कारात वाढलो, डागात चेहरा बघायच्या. इथे मात्र डाग हा डागच ठेवावा लागतो.

टीआय साहेबांनी चित्र पाहून कपाळाला हात लावला. ‘मॅडम, ये तो अधूरा है. दीवार पे क्या लगाऊँ?’ मी म्हटलं, भिंतीवर लावूच नका. ते त्यांनी ऐकलं, याचं श्रेय त्यांना द्यायला हवं. चित्र फक्त आसपासच्या थान्यांच्या गुन्हे शाखेत गेलं, छापील प्रत, नोंद करून. मोबाइलवर नाही.

निष्पन्न

चित्रावरून कुणीही पकडलं गेलं नाही. हे आधीच सांगते, कारण अशा गोष्टींचा शेवट ऐकणारा वेगळा अपेक्षितो.

सात आठवड्यांनी दुसऱ्या जिल्ह्यात एका घरात याच पातेलीच्या युक्तीत एक माणूस सापडला. तिथल्या सुनेने डब्याचं झाकण अर्ध्या तासाआधी उघडलं, इतकंच. पद्धतीवरून इंदूरचं प्रकरण जोडलं गेलं. फोटो आला तेव्हा आम्ही तो दोन्ही चित्रांशेजारी ठेवला. डोळे घारे. दात चढलेला, फक्त मुलीच्या चित्रात तो उजवीकडे होता आणि प्रत्यक्षात डावीकडे. हनुवटी आमच्या पुसट रेघेपेक्षा बरीच रुंद. कान लहान, डोक्याला चिकटलेले. कॅलेंडरने फोटो पाहिला आणि आपलं चित्र स्वतःच पालथं ठेवलं.

ओळख परेड तुरुंगात झाली. इकडे अजून शिनाख्तीच म्हणतात. मुलजिमला (आरोपीला) अटकेपासून बापर्दा, म्हणजे तोंड झाकून, ठेवलं होतं. अशी ओळख १८७२ च्या पुरावा कायद्याच्या कलम ९ खाली विचारात घेतली जायची, १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ७ खाली. खरा पुरावा साक्षीदाराने कोर्टात दिलेली ओळख हाच. रेखाचित्र त्यात कुठेच बसत नाही, ते फक्त शोधाची दिशा. पण साक्षीदाराला परेडआधी फोटो किंवा चित्र दाखवलं होतं का, हा प्रश्न बचावाचा वकील विचारतोच. मुलीच्या बाबतीत रांगोळीची वही उत्तर द्यायला होती. तिच्यासमोर तिच्याच सांगण्यावरून काढलेलं एक चित्र, दुसरं काही नाही, वेळ अमुक.

मुलीने रांगेत एका माणसासमोर थांबून बोट दाखवलं. तोच होता.

आजी रांगेसमोरून दोनदा गेल्या. बाहेर येऊन बाकावर बसल्या आणि मला म्हणाल्या, ‘अगं, माझ्या मनात आता त्याची दोन तोंडं झाली आहेत. एक त्याचं आणि एक त्या पोराने काढलेलं. आणि त्या पोराचं जास्त छान आहे.’

त्यांनी कुणाकडेही बोट दाखवलं नाही. वीस मिनिटं समोर बसलेली, शहरातली सगळ्यांत पक्की साक्षीदार आमच्या हातून गेली.

पुन्हा करायचं झालं तर

निवड आधी बदलेन. पुढच्या वर्गासाठी मी चित्रं मागवलीच नाहीत. उमेदवाराला अनोळखी माणसासमोर बसवून अर्धा तास बोलायला लावलं आणि तो स्वतः किती वेळ गप्प राहतो ते पाहिलं. रेघ महिन्याभरात सुधारते. रांगोळीची सुधारली. गप्प राहणं इतक्या लवकर येत नाही.

भाषा जुळल्याशिवाय कुणाला बसवणार नाही. इंदूरमध्ये आपण सगळे एकमेकांचं समजतो अशी जी समजूत आहे ना, ती पोह्यांच्या गाडीवर ठीक आहे. आता वर्गात शब्दांची एक वही फिरते : घारे-कंजी, बसकं-चपटा, उभट-लंबोतरा, फेंगडे-टेढ़े. ‘बेताचं’ या शब्दापुढे अजून कुणी काही लिहू शकलेलं नाही. आजींना त्यातून नेमकं काय म्हणायचं होतं, देव जाणे.

हुद्दा खोलीबाहेर ठेवायचा, हे सांगायला सोपं आहे. आम्ही केलं ते इतकंच की नोंदी घेणाऱ्याने मध्यंतरात साक्षीदाराचे शब्द जसेच्या तसे वाचून दाखवायचे, हा कामाचा भागच ठरवला. म्हणजे कुणाला वरिष्ठाला टोकल्यासारखं वाटत नाही, वही वाचली एवढंच होतं. त्या दिवशी ही रीत असती तर खोबणी खणायच्या आधीच ‘घारे’ मोठ्याने ऐकू आलं असतं.

साक्षीदाराला चित्र दाखवून ‘असाच होता का?’ विचारणं बंद. आता ‘यात चुकीचं काय आहे, तीन गोष्टी सांगा’ असं विचारतो. चुका काढायच्याच आहेत म्हटल्यावर आजींसारखी माणसंही मोकळी होतात.

कॅलेंडरबद्दल. त्याला वर्गातून काढा असा सूर होता. मी काढलं नाही, आणि ते बरोबर केलं असं अजून वाटतं. त्याला मी अनोळखी मृतदेहांच्या ओळखीसाठी चेहरे काढायच्या कामाला लावलं. तिथे समोर खरा चेहरा असतो, आठवण कुणाची नसते, आणि त्याची ती मखमली छाया तिथे उपयोगी पडते. सुजलेला चेहरा घरच्यांना दाखवता येईल असा करणं हे काम तो फार हळुवारपणे करतो.

भंगारवाल्याचं काय, याचं उत्तर माझ्याकडे नाही. मी टीआय साहेबांना म्हटलं होतं, एकदा त्याच्या घरी जाऊन सांगून या. गेले की नाही विचारलं नाही. मी स्वतःही गेले नाही, आणि त्याला तर माझं नावही ठाऊक नसणार.

ग्रुपवरून चित्र परत घेतलं होतं. पण ‘परत घेतलं’ म्हणजे ज्या ग्रुपवर आपण आहोत तिथून. गेल्या महिन्यात देवासच्या मावसबहिणीने फॅमिली ग्रुपवर एक मेसेज टाकला, वर लाल दिवे, खाली ‘सावधान, मुलं पळवणारी टोळी फिरते आहे’. मध्ये कॅलेंडरचं चित्र होतं, दहादा फिरून धुरकट झालेलं. डोळे कळत नव्हते, कान मात्र स्पष्ट होते. मी तिला फोन करून ते काढायला लावलं आणि कुणाकडून आलं ते विचारलं. तिच्या सोसायटीच्या ग्रुपवर आलं होतं. मग टीआय साहेबांना फोन लावला.